स्टिअरिंगवरचा गिअर

अंबडला आमच्या पार्किंगमध्ये आजोबांची प्रीमिअर पद्मिनी खोलून बसलोय. दिवसा कोडिंग, रात्री कार्ब्युरेटर!

गाडी मूळची इटलीची, फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ती कुर्ल्याला बनवायची. १९७४ पासून नाव पद्मिनी. इंजिन १०८९ सीसी. गिअर स्टिअरिंगपाशी, त्यामुळे पायाशी दांडा नाही आणि आमच्या गाडीत पुढची सीट सलग.

मला गिअर खाली घेऊन दोन बकेट सीट टाकायच्या होत्या. आई म्हणाली, "अरे, अण्णा आणि आईच्या मधे मी बसायचे. ती जागाच जाईल की!" मी पाना खाली ठेवला.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. टॅक्सीला मुदत वीस वर्षांची. ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी बंद. आता हा इतिहास सांभाळायचा तो आपल्यासारख्यांच्या दारातच.

म्हणून ठरलं: वायरिंग नवं, ब्रेक नवे, गिअर मात्र तिथेच. पहिल्या फेरीला मधे आई बसणार. भेटूया पुढच्या भागात!