भिंत हलते, करार हलत नाही
(लोकांच्या दवाखान्यांचा एक इतिहास)

विहाराच्या स्मरणिकेत लंडनच्या दवाखान्याची कथा कशाला, असे कोणी विचारील. विचारू द्या. या कथेचे एक टोक आपल्या विम्याच्या दवाखान्यापर्यंत येते, म्हणून आम्ही ती लिहायला घेतली.

लंडनमध्ये फिन्सबरी नावाचा कामगार भाग होता. १९३०च्या दशकात तिथे दाट वस्ती, ओल धरलेल्या खोल्या, क्षय आणि पाय वाकलेली पोरे हे रोजचे होते. दवाखाने होते, पण विखुरलेले. क्षयाला एकीकडे जायचे, दाताला दुसरीकडे, बाळंतिणीने तिसरीकडे. एका जागी जाऊन आलं की अर्धी पाळी बुडाली. गरिबाला आजारापेक्षा हेलपाटेच जास्त मारतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

त्या नगरपालिकेच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष होते डॉ. चुनीलाल कतियाल, पंजाबात जन्मलेले. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले, तेव्हा चार्ली चॅप्लिनशी त्यांची भेट याच डॉक्टरांच्या घरी झाली. त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या हक्कांसाठी भांडत होते. चॅप्लिनची भेट लोकांच्या लक्षात राहिली. डॉक्टरांनी पुढे काय केले ते फारसे कोणी सांगत नाही.

त्यांनी सगळे दवाखाने एका छताखाली आणायचे ठरवले. काम दिले बर्थोल्ड लुबेटकिन या जॉर्जियातून आलेल्या वास्तुशिल्पज्ञाला आणि त्याच्या टेक्टन या मंडळीला. २१ ऑक्टोबर १९३८ रोजी फिन्सबरी हेल्थ सेंटर उघडले. त्याच साली डॉ. कतियाल फिन्सबरीचे महापौर झाले. मधे मोठे प्रवेशदालन, मागे व्याख्यानाची खोली, आणि दोन्ही अंगांना हात पसरावेत तशा दोन बाजू. दालनात काचेच्या विटांतून उजेड येई. क्षय, दात, पाय, बायकांचे आजार, सगळे एकाच ठिकाणी. तळघरात कपडे-गाद्या निर्जंतुक करायची सोय. घर धुवून निघेपर्यंत कुटुंबाने कुठे राहायचे, त्याचाही विचार केलेला. सामान्य माणसाला उत्तमातले उत्तम मिळाले पाहिजे, त्यात हात आखडायचा नाही, हे लुबेटकिनचे तत्त्व होते.

पण आम्हाला सर्वांत भावते ती दुसरी गोष्ट. दोन्ही बाजूंतल्या खोल्यांच्या आतल्या भिंतींवर इमारतीचा भार नव्हता. उद्या क्षय कमी झाला, दातांची गर्दी वाढली, तर भिंत काढून खोली लहानमोठी करावी. नळ आणि तारा काढता-घालता येणाऱ्या फळ्यांमागे ठेवल्या, म्हणजे दुरुस्तीला भिंत फोडायला नको. गिरणीत काम केलेल्या माणसाला यातली अक्कल पटकन कळते. सांचेखात्यात नवी यंत्रे आली की जुनी हलवावी लागतात. सगळे पक्के चिणून टाकले तर पुढच्याने काय करायचे? तसेच रोगाचे. रोग बदलतो, वस्ती बदलते, इमारत मात्र शंभर वर्षे उभी राहते.

१९४२ साली युद्धाच्या प्रचारासाठी एब्रम गेम्स या चित्रकाराने याच इमारतीचे भित्तिचित्र काढले. पुढे नवा दवाखाना, मागे पडक्या भिंतीत मुडदूस झालेला मुलगा. पंतप्रधान चर्चिल यांना ते रुचले नाही आणि ते रोखले गेले. गरिबी दाखवली की राज्यकर्त्याला राग येतो, हे तिकडेही तसेच.

डॉ. कतियाल १९४८ साली भारतात परत आले आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक झाले. आता आपला धागा जुळला ना? ज्या विम्यासाठी पगारातून पैसे कापले जात, त्याची पायाभरणी त्यांच्या हातून झाली. त्याआधी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, प्रा. अदारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल आला होता. १९४८चा कायदा त्याच वाटेने आला. मुंबईत या विम्यात खासगी ‘पॅनेल डॉक्टर’ होते. पैसा विम्याचा, डॉक्टर खासगी. सरकार आणि खासगी यांची भागीदारी हा शब्द आता मोठा झाला आहे, पण ती गोष्ट आपल्या लोकांनी फार पूर्वी अनुभवलेली आहे. चांगलीही आणि वाईटही.

आता पुन्हा तिकडे. २००० साली ब्रिटिश सरकारने योजना आखली. गरीब वस्त्यांतले डॉक्टर जुन्या घरांत दवाखाने चालवीत होते. २००४पर्यंत ५०० एकछत्री केंद्रे उभारायची आणि ३,००० पर्यंत दवाखाने सुधारायचे, असे ठरले. त्यासाठी काढलेल्या व्यवस्थेचे नाव लोकल इम्प्रूव्हमेंट फायनान्स ट्रस्ट, म्हणजे लिफ्ट. (नाव ऐकून कोणाला वर जायचा पाळणा आठवला तर नवल नाही.) प्रत्येक भागात एक कंपनी काढायची. साधारण ६० टक्के हिस्सा खासगी भागीदाराचा, २० टक्के केंद्रीय सरकारी संस्थेचा, २० टक्के स्थानिक आरोग्य संस्थांचा. कंपनीने बांधायचे, देखभाल करायची, आणि आरोग्य खात्याने सुमारे २५ वर्षे भाडे भरायचे.

यातून इमारती चांगल्या झाल्या, हे मान्य केले पाहिजे. लंडनचे केंटिश टाउन हेल्थ सेंटर २००९ साली स्टर्लिंग या मोठ्या वास्तुशिल्प पुरस्काराच्या अंतिम यादीत होते. हाउन्स्लोचे केंद्र पेनॉयर अँड प्रसाद या मंडळीने केले. त्यातले सुनंद प्रसाद लहानपणी आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात वाढले. या पिढीच्या केंद्रांत खोल्या शक्यतो एका मापाच्या ठेवत. आज डॉक्टर बसतील, उद्या परिचारिका, परवा व्यायामोपचार करणारा. फिन्सबरीचीच कल्पना, नव्या काळातली.

पण भिंत हलली तरी करार हलत नाही. खोली बदलायची तर कंपनीची संमती, बदलाचा खर्च आणि भाड्यात फेर. एखादी सेवा बंद पडली, खोली रिकामी राहिली, तरी भाडे चालूच. १९३८ची इमारत नगरपालिकेच्या मालकीची होती; तिथे विचारायचे होते फक्त आपल्या निवडून दिलेल्या माणसांना. आमच्या मते खरा फरक इथे आहे, सिमेंटमध्ये नाही. खासगी भागीदार वाईटच असतो असे आम्ही म्हणत नाही. पैसा लवकर उभा राहिला, कामे वेळेत झाली, हेही खरे. पण २५ वर्षांनी वस्तीला काय लागेल हे कागदावर आधी लिहिता येत नाही, आणि करार तर आधीच लिहावा लागतो.

सार्वजनिक मालकी असली म्हणजे धोका संपला, असेही नाही. २००८च्या सुमारास तिथल्या आरोग्य संस्थेने खुद्द फिन्सबरी हेल्थ सेंटर विकायला काढले. दुरुस्ती महाग पडते, हे कारण. त्या वस्तीतले म्हातारेकोतारे, डॉक्टर, शेजारी उठले. सभा घेतल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षे मागे लागले. विक्री झाली नाही. पुढे २०१३ साली विकायला निघालेली ती संस्थाच सरकारने बंद केली.

लिफ्टच्या पहिल्या इमारती २००४-०५च्या सुमारास उघडल्या, म्हणजे त्यांची २५ वर्षे २०३०च्या आसपास भरतात. मुदत संपली की इमारत आपोआप लोकांची होत नाही. ती कंपनीकडेच राहते. आरोग्य खात्याने पुन्हा भाडे भरायचे, विकत घ्यायची, किंवा बिऱ्हाड हलवायचे.