कामाचे टपाल आणि बाहेरचा पत्ता

कार्यालयात आलेला ई-मेल आपोआप बाहेरच्या पत्त्यावर पाठवण्याची सोय सुरुवातीला निव्वळ सौजन्य म्हणून दिली गेली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत एरिक ऑलमन यांनी १९७९ मध्ये 'डिलिव्हरमेल' आणि पुढे १९८३ मध्ये 'सेंडमेल' हे टपाल वाटणारे प्रोग्रॅम लिहिले. सेंडमेल वापरणाऱ्याला आपल्या खात्यात 'डॉट-फॉरवर्ड' नावाची छोटी फाइल ठेवता येई. तिच्यात दुसरा पत्ता लिहिला की येणारी पत्रे तिकडे वळत. संस्था बदलणाऱ्या संशोधकांची त्यामुळे चांगली सोय झाली. यासाठी कोणाची परवानगी लागत नसे, कारण खाते ज्याचे त्याचेच मानले जाई.

पत्ता खोडून नवा लिहायचा आणि पत्र पुढे धाडायचे, ही पोस्टाची रीत तर त्याहून कितीतरी जुनी. सुरतच्या बमरोली, पांडेसरा, उधना या यंत्रमागांच्या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. भाड्याची खोली बदलत राहणाऱ्या कामगाराला गावचे पत्र कारखान्याच्या किंवा ओळखीच्या दुकानदाराच्या मार्फत मागवणे सोयीचे पडे. कागदाचे पत्र मात्र एकच असते. ते पुढे गेले की मागे काही उरत नाही, आणि आले नाही तर चौकशी होते. ई-मेलचे मूळ जागच्या जागी राहू शकते आणि फक्त नक्कल बाहेर जाते, त्यामुळे गेलेल्या पत्राची कोणाला जाणीवच होत नाही. पुढची सारी बंधने या एका फरकातून आली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. नंतर फुकट ई-मेल खाती आली आणि छोट्या उद्योगांचे कामकाज त्यांवरच चालू लागले. मालकाचा खासगी पत्ता हाच धंद्याचा पत्ता झाला. यातला धोका जीएसटीने उघड केला. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करासाठी नोंदणी करताना ई-मेल आणि मोबाइल क्रमांक देणे आवश्यक होते. अनेकांची नोंदणी कर सल्लागारांनी केली आणि पत्ता, क्रमांक स्वतःचेच दिले. सल्लागाराने पुढे लॉगिनचा तपशील दिला नाही, तर करदात्यावर स्वतःच्याच खात्याबाहेर राहण्याची वेळ येई. अशा तक्रारी वाढल्यावर अर्थ मंत्रालयाने ३१ मे २०१८ रोजी वाट काढली: करदात्याने पुराव्याची कागदपत्रे घेऊन आपल्या अधिकार क्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे जावे आणि अधिकाऱ्याने ई-मेल व मोबाइल बदलून द्यावा. इथे टपाल वळवण्याचा नियम कोणी लावला नव्हता, पहिल्या दिवसापासून पत्ताच बाहेरचा होता. परिणाम मात्र तोच.

मोठ्या संस्थांमध्ये आधी अडचण आली ती तांत्रिक. २००६ मध्ये जाहीर झालेल्या एसपीएफ पद्धतीत पत्र पाठवणाऱ्या सर्व्हरला त्या डोमेनची परवानगी आहे का, हे पाहिले जाते. पुढे पाठवणारा सर्व्हर परवानगी असलेल्यांच्या यादीत नसतो, म्हणून प्रामाणिक पत्रही बनावट ठरू शकते. त्यावर उपाय निघाले. २०१९ चा 'आर्क' हा त्यांपैकी एक. पण तोवर सुरक्षेची चिंता त्याहून मोठी झाली होती. पासवर्ड चोरणारा भामटा खात्यात शिरून एक नियम लावतो: 'बिल' किंवा 'पेमेंट' असे शब्द असलेली पत्रे बाहेर पाठव. मग तो सवडीने व्यवहार वाचतो आणि ऐन वेळी बँक खात्याचा क्रमांक बदललेले बिल धाडतो. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहू शकतो, आणि या फसवणुकीतली सर्वांत घातक गोष्ट हीच. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये याबद्दल उद्योगांना सावध केले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने आपल्या कार्यालयीन सेवेत बाहेरच्या पत्त्यांवर आपोआप पाठवणी मुळातच बंद ठेवण्याचे धोरण आणले. हवी असल्यास प्रशासकाने ती मुद्दाम सुरू करायची.

भारत सरकार या बाबतीत पाच वर्षे पुढे होते. फेब्रुवारी २०१५ च्या ई-मेल धोरणाने सरकारी पत्त्यावरील पत्रे अधिकाऱ्याच्या खासगी पत्त्यावर पाठवण्यास सुरक्षेच्या कारणावरून मनाई केली.

बंदी घातली तरी गरज उरतेच. सुट्टीवरच्या माणसाचे काम दुसऱ्याने पाहावे लागते आणि नोकरी सोडलेल्याच्या नावाने ग्राहकांची पत्रे येत राहतात. यासाठी 'विक्री', 'हिशेब' अशा कामाच्या नावाची सामायिक पेटी ठेवणे किंवा सहकाऱ्याला ती पेटी वाचण्याचा अधिकार देणे हा बरा मार्ग, कारण पत्र संस्थेतच राहते. लेखापरीक्षकासारख्या बाहेरच्या माणसाला पत्रे पाठवणे भागच असेल, तर त्या एका पत्त्यापुरती, ठरावीक मुदतीची सूट देऊन तिची नोंद ठेवली जाते. सध्याच्या नियमांची यादीही प्रशासक वेळोवेळी काढून पाहतो. अशा नोंदी जपणे भारतात बंधनकारकही आहे: सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना आपल्या संगणक यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते.