स्वभावाचं मोजमाप आणि नोकरीचा दरवाजा

आज आपण स्वभाव मोजण्याच्या चाचण्यांचा इतिहास पाहणार आहोत. हा विषय आता अनेकांच्या पोटापाण्याशी जोडला गेलाय. नोकरीसाठी अर्ज केला की पुष्कळ ठिकाणी एक प्रश्नावली भरावी लागते. गर्दीत रमता की एकटे, ठरवून काम करता की सुचेल तसं? आपण खुणा करतो आणि त्यावरून आपला 'स्वभाव' ठरतो. स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतोच. पण या स्वभावाला माप तरी आहे का?

सुरुवात १९१७ पासून करू. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती. तोफांच्या माऱ्याखाली कोणाचं मन खचेल हे आधीच कळावं, म्हणून रॉबर्ट वुडवर्थ यांनी होय-नाही उत्तरांची प्रश्नावली तयार केली. ती तयार होईपर्यंत युद्ध संपत आलं, पण कल्पना टिकली. म्हणजे या चाचण्यांचा जन्मच मुळी चाळणी म्हणून झाला, हे आपण लक्षात ठेवू.

दुसरा प्रवाह युंगचा. १९२१ साली त्यांचा मानसिक प्रकारांवरचा ग्रंथ आला. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द त्यातूनच रूढ झाले. मात्र माणसांना लेबलं चिकटवणं हा आपला हेतू नाही, असं युंग बजावत होते. अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी या विचारावरून सोळा प्रकारांची चाचणी रचली. दोघींचं मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात लोकांना आपल्या स्वभावाला मानवेल असं काम मिळावं, हा इझाबेल यांचा हेतू होता. हेतू चांगलाच. अडचण आहे ती मापात.

समजा, आपण माणसांची उंची मोजली. बहुतेक लोक मध्यम निघतील. आता मधोमध रेघ मारून एका बाजूला 'उंच' आणि दुसऱ्या बाजूला 'बुटके' म्हटलं, तर रेघेजवळच्या माणसांवर अन्याय होणारच. प्रकारांच्या चाचणीत असंच होतं. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात!

तिसरा मार्ग शब्दांचा. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द काढले. पुढच्या संशोधकांनी ते गाळत नेले, आणि १९६१ साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्युप्स आणि क्रिस्टल यांना पाच घटक आढळले. इथे प्रकार नाहीत, प्रमाण आहे. प्रत्येक गुण प्रत्येकात कमी-जास्त असतो.

मग याने कामाचा अंदाज येतो का? १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले. कर्तव्यदक्षता हा गुण सगळ्याच प्रकारच्या कामांत उपयोगी दिसला. पण सहसंबंध ०.२ च्या आसपास. साध्या भाषेत, माणसामाणसाच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला फार तर चार-पाच टक्के भाग यातून समजतो. उरलेल्यात कौशल्य, अनुभव, साहेब कसा आहे, घरी काय चाललंय, सगळं आलं. हजार अर्जदारांच्या बाबतीत या आकड्याला अर्थ आहे. समोर बसलेल्या एकाबद्दल तो फारच थोडं सांगतो.

चाचणी भलतीकडे वापरली की काय होतं, याचं उदाहरण २००५ सालचं. अमेरिकेतल्या एका कंपनीने बढती देताना मानसिक आजारांच्या निदानासाठी बनलेली प्रश्नावली वापरली. अपील न्यायालयाने ही वैद्यकीय तपासणीच ठरवली आणि अपंगत्वविषयक कायद्याने ती अशी घेता येत नाही, असा निर्णय दिला.

तत्त्वज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर इथे दोन प्रश्नांची गल्लत होते. 'हा माणूस कसा आहे?' हा एक, आणि 'हा माणूस हे काम नीट करील का?' हा दुसरा. पहिल्याचं अर्धवट उत्तर दुसऱ्याला लावलं की एखाद्याची भाकरी जाते, आणि का गेली हे त्याला कोणी सांगतही नाही. ज्याला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवंय, त्याने उमेदवाराला त्या कामाचा एक तुकडा करून दाखवायला सांगावं. चाचणी घ्यायचीच असेल, तर निकाल त्याच्यापुढे ठेवून त्याच्याशी बोलावं.

पुढच्या व्याख्यानात आपण बुद्धिमापनाकडे वळू.