बावनपानी कोट

जपानी माहजाँग आपल्याकडे कुणी फारसं खेळत नाही. पण त्यातल्या एका दुर्मिळ डावाबद्दल वाचत होतो आणि डोक्यात आली ती आमच्या सोलापूरची मेंढीकोट. म्हणून या वीकेंडला थोडा पत्त्यांचा इतिहास.

आधी माहजाँग. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये घडलेला हा खेळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानात पोचला. पत्त्यांऐवजी सोंगट्या, एकूण १३६. चौतीस प्रकार, प्रत्येकी चार. हातात तेरा, एक उचलायची, एक टाकायची. म्हणजे आपली रमीच की!

त्यातल्या सगळ्यात भारी डावांना 'याकुमान' म्हणतात. एका याकुमानचे ३२,००० गुण, आणि वाटणाऱ्याला लागला तर ४८,०००. खेळ सुरू होताना प्रत्येकाकडे साधारण २५,००० असतात, यावरून काय ते समजा. या याकुमानांपैकी एक 'कोकुशी मुसो', म्हणजे देशात ज्याला जोड नाही असा. चीनच्या जुन्या इतिहासात हान शिन नावाच्या सेनापतीबद्दल हे शब्द वापरलेत. गंमत म्हणजे हा डाव बनतो तो टाकाऊ मालातून. तिन्ही रंगांतले एक्के आणि नव्वे, चार वारे, तीन ड्रॅगन. यांच्या सीक्वेन्स जुळवणं अवघड, म्हणून बाकीचे खेळाडू हेच आधी फेकतात. तुम्ही मात्र या तेरा प्रकारांतली एकेक सोंगटी जमवायची, आणि त्यातल्याच कुठल्यातरी एकीची जोडी करायची. एक प्रकार जरी राहिला तरी सगळं मुसळ केरात.

आता मेंढीकोट. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की दुपारी बाहेर पडायची सोय नसते. मग फरशीवर पाणी मारायचं, पंखा फुल्ल, आणि दोन-दोन भिडू समोरासमोर. दश्शी म्हणजे मेंढी. चारपैकी तीन मेंढ्या ज्यांनी नेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते. चारही नेल्या तर मेंढीकोट. आणि तेराच्या तेरा हात केले, समोरच्यांना एक पान शिवू दिलं नाही, तर बावनपानी! आपला कोकुशी मुसो तो हाच.

हा खेळ आला कुठून? सनावळी नाही, पण खाणाखुणा आहेत. 'हुकूम' शब्द मूळचा अरबी. इराणात 'होक्म' नावाचा पत्त्यांचा डाव अजूनही घरोघरी खेळतात. तिथेही चार जण, दोन जोड्या. पत्ते आधी पाच आणि मग चार-चार वाटतात, अगदी आपल्यासारखेच. आणि समोरच्यांचा एकही हात न होऊ देता सात हात केले की त्याला ते काय म्हणतात? 'कोत'! उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण ओरडतो तो शब्द तेहरानमधला माणूसही ओळखेल.

थोडं गणित केल्याशिवाय राहवत नाही :) वाटपातच चारही मेंढ्या तुमच्या हातात येण्याची शक्यता साधारण ३७९ मध्ये एक. म्हणजे फार दुर्मिळ नाही. पण नुसत्या मेंढ्या येऊन काय होतंय? दश्शीच्या डोक्यावर गुलाम, राणी, राजा, एक्का बसलेत. बावनपानी नशिबावर होत नाही, भिडूवर होतो. तुमच्या एक्क्यावर त्याने उगाच स्वतःचा राजा वाया घालवला की संपलं. आणि तोंडाने काही सांगायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. माहजाँगमध्ये एक जण तिघांविरुद्ध खेळतो. इथे समोरच्या माणसाचं मन वाचावं लागतं.

आणि याचे गुण किती? काहीच नाहीत. हरणाऱ्यांनी पत्ते पिसायचे, बस्स. मला यातच या खेळाची सगळी कथा दिसते. जपान्यांनी दुर्मिळ डावावर आकडा लिहिला, नियम छापले, स्पर्धा भरवल्या. आपण बावनपानी फक्त आठवणीत ठेवला. वीस वर्षांपूर्वीच्या एका कोटात कुणी कुठलं पान टाकलं यावर आमच्या घरात आजही भांडण होतं!

पण आठवण माणसांबरोबर जाते. सावंतवाडीच्या गंजिफाचं बघा. दशावतारी गंजिफात १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, म्हणून पानं वाचली. ती आज आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. खेळता किती जणांना येतं?

मेंढीकोटची पानं कुठेही मिळतील. अडचण चार माणसांची आहे. दोघं पुण्यात, एक बंगळूरला, एक अमेरिकेत. त्यात प्रत्येक घरचे नियम वेगळे. कुणाकडे बंद हुकूम, कुणाकडे पहिल्यांदा जो रंग कटला तोच हुकूम.  तेव्हा पुढच्या खेपेला घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा, आणि तुमच्या घरचे नियम एका कागदावर उतरवून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि मग एक डाव टाका. पिसायचं कुणी ते नंतर ठरेल.