एक 'लाइन', अर्थ अनेक

'लाइन गेली' असे शहापूर किंवा मुरबाडमध्ये कानावर आले, की वीज गेली हे वेगळे सांगावे लागत नाही. हाच शब्द रेल्वे, जलवाहिनी, रांग आणि दूरध्वनीसाठीही वापरला जातो.

'लाइन' हा इंग्रजी शब्द लॅटिनमधील 'लिनिया'वरून आला. 'लिनिया' म्हणजे जवसाच्या धाग्याचा दोरा. दोरा ताणला की सरळ रेषा मिळते. त्यातूनच पुढचे अर्थ फुटले. मराठीत रेषा, ओळ, रांग, तार, वाहिनी, लोहमार्ग असे स्वतंत्र शब्द असूनही बोलीने या सर्वांसाठी 'लाइन' स्वीकारली.

शहापूर तालुक्यातील सर्वांत जुनी लाइन रेल्वेची. १८६१ मध्ये लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत पोहोचला. वासिंद, आसनगाव, आटगाव व खर्डी ही या लाइनवरील स्थानके. मुरबाडला मात्र रेल्वे पोहोचलेली नाही; तेथे 'लाइन' म्हणजे कल्याणला जोडणाऱ्या लोहमार्गाची जुनी मागणी. विजेची लाइन सांभाळणारा तो लाइनमन. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी आली, तरी हे नाव टिकले. 'कोणत्या लाइनमध्ये आहात?' या प्रश्नात व्यवसाय विचारला जातो, तर बिघडलेला मुलगा सुधारला की तो 'लाइनवर' येतो.

पाण्याच्या बाबतीत मात्र या शब्दाचे दोन अर्थ समोरासमोर उभे राहतात. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे भातसा धरणाचीही त्यात भर पडली. ही दोन्ही धरणे शहापूर तालुक्यातील. मुंबईकडे जाणारी मोठी जलवाहिनी म्हणजे पाण्याची लाइन. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांत उन्हाळ्यात टँकर येतो, तेव्हा हंडे घेऊन महिलांना लावावी लागते तीही लाइनच.

म्हणूनच 'गावाला लाइन मंजूर झाली' एवढ्याने काही कळत नाही; ती विजेची की पाण्याची, हे विचारावे लागते. शासकीय मराठीत वीजवाहिनी आणि जलवाहिनी हे शब्द वेगळे आहेत. बोलताना 'लाइन' चालते, पण ग्रामसभेच्या ठरावात किंवा अर्जात नेमका शब्द लिहिणे गावाच्याच हिताचे आहे.