मातीचे आठ गोळे ते छत्तीस गुण

१/ विवाहापूर्वी ‘छत्तीस गुण’ पाहण्याची रीत वेदकाळापासून चालत आली आहे, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रंथांचा क्रम लावून पाहिला, तर चित्र निराळे दिसते. #थ्रेड

२/ आश्वलायन गृह्यसूत्रात वधूपरीक्षेचा एक विधी आहे. लक्षणे ओळखणे कठीण. म्हणून आठ ठिकाणच्या मातीचे गोळे करून मुलीला एक उचलायला सांगावे. दुपिकी शेताची माती निघाली, तर संतती अन्नसंपन्न. गोठ्याची, तर पशुधन. स्मशानाची, तर पतीला मृत्यू. पत्रिकेचा येथे मागमूसही नाही.

३/ नक्षत्राचे नाव असलेली कन्या वरू नये, असे मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. आक्षेप नावाला आहे, जन्मनक्षत्राला नव्हे.

४/ वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत; मेषादी राशी नाहीत. राशी आणि जन्मकुंडली ग्रीकांशी संपर्क आल्यानंतर येथे रुजल्या. ‘होरा’ हा शब्द मूळचा ग्रीक, आणि ‘यवनजातक’ हे ग्रंथनामच पुरेसे बोलके आहे.

५/ काशीत राम दैवज्ञाने शके १५२२ (इ. स. १६००) मध्ये रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त आजची आठ कूटे सापडतात: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशिकूट ७, नाडी ८. बेरीज ३६.

६/ हे सारे गुण केवळ जन्मवेळच्या चंद्रावरून ठरतात. २७ नक्षत्रे तीन नाड्यांत समान वाटलेली असल्यामुळे सुमारे दर तिसऱ्या जोडीला ‘एकनाडी’चा दोष लागतो. मंगळाचे गणितही असेच: बारापैकी पाच स्थाने (१, ४, ७, ८, १२) दोषयुक्त. इतक्या सर्रास आढळणाऱ्या दोषांना परिहार शोधणे शास्त्रकारांनाही भागच होते.

७/ कर्क, वृश्चिक, मीन या राशींचा ‘वर्ण’ ब्राह्मण. मग जन्म कोणत्याही घरचा असो. तरीही या कूटाने जातीची भिंत ओलांडली नाही. आधी जात व गोत्र पाहायचे, पत्रिका त्यानंतर.

८/ मंगळाचा नियम वधूवरांना सारखाच. ‘मंगळी’ हा शिक्का मात्र बहुधा मुलीच्याच कपाळी येतो. परीक्षेचे साधन बदलले. पतीच्या आयुष्याचा भार, स्मशानातल्या त्या मातीप्रमाणे, आजही तिच्याच हाती दिला जातो.