अफवेचा अन्वय : एका सिद्धान्ताची भारतीय पूर्वपीठिका

संवेदन ही बाह्य जगाची निव्वळ नोंद नसून ती अन्वयक्रिया आहे, हा विचार सामाजिक मानसशास्त्रात रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एफ. सी. बार्टलेट यांना जाते. केंब्रिजमधील वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा देऊन त्यांनी ती पुनःपुन्हा सांगावयास लावली. पुनर्कथनात सीलची शिकार मासेमारी झाली. अपरिचित ते परिचिताच्या साच्यात बसले. १९३२ साली ग्रंथबद्ध झालेला हा प्रयोग वस्तुतः वाचनव्यवहाराचाच अभ्यास होय.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवांचा जमुना प्रसाद यांनी केलेला अभ्यास १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. याहून भयंकर उत्पात होणार, असे सांगणाऱ्या अफवा त्यात ठळक होत्या. पुढे दार्जिलिंगच्या दरडींसंबंधी दुर्गानंद सिन्हा यांनी केलेल्या अभ्यासात (१९५२) प्रत्यक्ष विध्वंसाच्या क्षेत्रात असा अतिरेक आढळला नाही. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये या दोहोंची सांगड घातली : धक्का जाणवला, पण हानी दिसली नाही, तेथे भीतीला कारण हवे असते, अफवा ते पुरविते. 'बोधात्मक विसंवादा'च्या विख्यात सिद्धान्ताचे बीज असे भारतीय सामग्रीत आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर काही तासांतच, किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील माळवदे निजलेल्यांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. किल्लारी लातूरच्या दक्षिणेस, तर रेणापूर उत्तरेस. सर्वाधिक हानी औसा, निलंगा आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील उमरगा या भागांत झाली. रेणापूर त्या पट्ट्याबाहेरचे. फेस्टिंगर यांच्या मांडणीत 'हादरलेले, पण वाचलेले' म्हणून जे स्थान येते, ते हेच.

तथापि किल्लारी या मांडणीला एक अडचणीचा प्रश्न विचारते. तेथे १९९२ मध्येच लहान धक्के जाणवले होते आणि लोक धास्तावले होते. उलट भूकंपप्रवणतेच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर, हे शास्त्रीय गृहीतक होते. म्हणजे परिचिताच्या साच्यात अपरिचिताला बसविण्याची प्रक्रिया ग्रामीण मनापुरती मर्यादित नव्हती. नकाशाही त्याच प्रक्रियेचे अपत्य होता. सप्टेंबरपूर्वी जी 'निष्कारण भीती' ठरू शकली असती, ती नंतर पूर्वसूचना ठरली. विधान तेच, बदलला तो त्याचा अन्वय.

येथेच साहित्यसमीक्षेचा संबंध येतो. सिद्धान्तात अफवेचे कार्य उरले, तिची भाषा गळून गेली. ती कोणत्या बोलीत, कोणी कोणाला, कोणत्या पुराणप्रतिमांच्या आधाराने सांगितली, हे प्रश्न मानसशास्त्रीय वर्गीकरणात मावत नाहीत. सांस्कृतिक भेद मात्र तेथेच वसतो. भय सार्वत्रिक असेल, त्याचे कथन नसते. रेणापूरसारख्या गावांतील त्या काळच्या आठवणी भूकंप अनुभवलेल्या पिढीबरोबर मावळण्यापूर्वी कथने म्हणून, त्यांच्या मूळ शब्दांत, नोंदविल्या जाणे म्हणूनच अगत्याचे आहे.